लिंक्सच्या बर्फातला कॅमेरा ट्रॅप नागपूरच्या उन्हात: झेनॉन आणि 'नो ग्लो', दोन्हींचं परीक्षण

कॅमेरा ट्रॅप म्हणजे जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा. त्याच्या खोक्यावर बहुतेक वेळा बर्फात उभं असलेलं हरीण छापलेलं असतं आणि मागच्या बाजूला तीन आकडे ठळक असतात: ४८ मेगापिक्सेल, ०.२ सेकंदांचा ट्रिगर, उणे २० ते ६० अंश तापमान. नागपुरात हे यंत्र घेणाऱ्याला ह्या तिन्ही आकड्यांचा फारसा उपयोग नाही. इथे कॅमेरा फसतो तो तीन ठिकाणी: मे महिन्यातल्या संध्याकाळी सेन्सरमध्ये, रात्रीच्या फोटोतल्या हलक्या धूसरपणात आणि दाराच्या रबरात. ह्या तिन्हींबद्दल खोक्यावर अक्षरही नसतं.

हे परीक्षण दोन प्रकारच्या कॅमेऱ्यांचं आहे. एक झेनॉन नळीच्या पांढऱ्या फ्लॅशचा. दुसरा ९४० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्यांचा, ज्याला बाजारात 'नो ग्लो' म्हणतात. कंपन्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. स्वस्त गटात एकाच कारखान्यातला माल चार नावांनी विकला जातो आणि महाग गटात मॉडेलचं नाव वारंवार बदलतं, आतलं यंत्र तेच राहतं. म्हणून नाव बघण्यापेक्षा दार उघडून काय बघायचं, ते इथे आहे.

लिंक्स म्हणजे मांजरकुळातला, रानमांजराहून मोठा शिकारी प्राणी. त्याचा इथे संबंध काय, ते आधी सांगायला हवं. पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखायचा, पुन्हा फोटोत आला की नोंदवायचा आणि त्यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा, ही पकड-पुनर्पकड पद्धत कॅमेऱ्यासाठी वाघांचे अभ्यासक उल्लास कारंत यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेच्या वाघांवर बसवली. त्यांचा त्यावरचा शोधनिबंध १९९५ चा. पुढे स्वित्झर्लंडपासून बव्हेरियापर्यंत लिंक्स मोजणाऱ्यांनी तीच पद्धत ठिपक्यांवर लावली. पद्धत आपल्याकडून तिकडे गेली, यंत्र तिकडून इकडे आलं. लिंक्सच्या कामात हे यंत्र जितकं कसाला लागलंय तितकं क्वचितच कुठे लागलं असेल, त्यामुळे कॅमेऱ्याच्या खऱ्या खोडी तिथे नीट दिसतात.

लिंक्स कॅमेऱ्याकडून काय मागतो

लिंक्सच्या जाती चार. त्यातल्या उत्तरेच्या जंगलांत राहणाऱ्या दोन: युरेशियन लिंक्स आणि कॅनडा लिंक्स. युरेशियन लिंक्स साधारण १८ ते ३० किलोंचा, म्हणजे आपल्या रानमांजराच्या कित्येक पट. युरोपात त्याचं मुख्य भक्ष्य रो हरीण. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर भागात तो रेनडिअरवर जगतो. एका नराचा वावर शंभर चौरस किलोमीटरपासून कित्येक शे चौरस किलोमीटरपर्यंत असतो, नॉर्वेत काही ठिकाणी हजाराच्याही वर जातो. शंभर चौरस किलोमीटरच्या चांगल्या जंगलातही मोठे लिंक्स दोन-तीनच सापडायचे. म्हणजे एखाद्या वाटेवर लावलेल्या कॅमेऱ्यासमोरून तो महिन्यातून एकदा गेला तर गेला, आणि तो एक फोटो वाया जाऊन चालत नाही.

स्वित्झर्लंडमधली मोजणी हिवाळ्यात, ६० रात्रींची असते. अडीच बाय अडीच किलोमीटरच्या चौकटी आखतात आणि एक सोडून एका चौकटीत कॅमेऱ्यांची जोडी लावतात. जोडी लागते कारण डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवर तसेच नसतात. एकच कॅमेरा असेल तर डाव्या बाजूची एक वही, उजव्या बाजूची दुसरी, आणि दोन्हींतला प्राणी एकच की वेगळा, हे कळायला मार्ग नाही.

आता त्यातली अडचण. सगळ्या युरेशियन लिंक्सना ठळक ठिपके नसतात. काहींवर मोठे, काहींवर बारीक, काहींवर गुलाबासारखे गोल, तर काही जवळजवळ बिनठिपक्यांचे. कॅनडा लिंक्स तर बहुतेक राखाडी आणि कोराच, त्याला फोटोवरून वेगळं काढणं फार अवघड. तो स्नोशू सशावर जगतो आणि सशांची संख्या साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात वर-खाली होते, त्यामागोमाग लिंक्सची. कॅनडात कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन बे कंपनीच्या जुन्या हिशोबांत हा फेरा स्पष्ट दिसतो. ह्या जातीसाठी अमेरिकेत कॅमेऱ्याऐवजी झाडाला गालिच्याचा तुकडा खिळ्यांनी ठोकायचे, त्याला बीव्हर ह्या पाण्याकाठच्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या ग्रंथीतला स्राव आणि मांजरांना भुलवणाऱ्या कॅटनिप वनस्पतीचं तेल लावायचे, वर चकचकीत पत्रा टांगायचे. लिंक्स येऊन गाल घासतो, खिळ्यांत केस अडकतात, केसांतून डीएनए मिळतो.

विदर्भात हीच वाटणी आहे. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके माणूस ओळखू शकतो. रानमांजर मात्र कॅनडा लिंक्ससारखंच कोरं. त्याचे शंभर फोटो आले तरी मांजरं चार की चौदा, हे सांगता येत नाही. वाघाटी ह्या छोट्या रानटी मांजरीच्या अंगावर तांबूस ठिपके आहेत, पण ती जेमतेम दीड किलोची, त्यामुळे ठिपका फोटोत उमटायला कॅमेरा अगदी जवळ आणि फोटो अगदी स्वच्छ हवा. कॅमेरा घेण्याआधी हे एकदा ठरवून घ्या: प्राणी आहे की नाही एवढंच बघायचंय, की कोणता आहे हेही? पुढचा सगळा खर्च ह्यावर अवलंबून आहे.

सेन्सर: मे महिन्याची संध्याकाळ

कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला पांढरट, फुगीर प्लॅस्टिकचा तुकडा दिसतो, ती फ्रेनेल भिंग. तिच्यामागे पीआयआर, म्हणजे उष्णतेतला फरक टिपणारा सेन्सर असतो. तो प्राणी 'बघत' नाही. समोरचा पट्टा त्याच्यासाठी काही कप्प्यांत वाटलेला असतो, आणि आजूबाजूपेक्षा वेगळ्या तापमानाची वस्तू एका कप्प्यातून दुसऱ्यात गेली की तो कॅमेरा उठवतो. ह्यातून दोन गोष्टी निघतात. आडवा जाणारा प्राणी लगेच टिपला जातो, थेट कॅमेऱ्याकडे चालत येणारा उशिरा. आणि प्राण्याचं अंग व मागची जमीन एकाच तापमानाला असतील तर सेन्सरच्या दृष्टीने तिथे कोणीच नाही.

उत्तरेच्या बर्फात ही अडचण उलट्या बाजूने येते. मागची जमीन शून्याखाली, पण लिंक्सची हिवाळी लव इतकी दाट की अंगातली ऊब बाहेर फार झिरपत नाही. सेन्सरला मुख्यतः तोंड आणि पाय दिसतात. तरीही फरक पुरेसा राहतो. नागपुरात मे महिन्यात दुपारी दगड इतका तापलेला असतो की प्राणी त्याच्यापेक्षा थंड ठरतो, तोही फरकच, सेन्सर चालतो. खरा घोळ सूर्य मावळल्यावर. जमीन उतरत उतरत पस्तीस-सदतीस अंशांवर येते आणि दीड-दोन तास तिथेच रेंगाळते. नेमक्या ह्याच वेळी जनावरं पाणवठ्यावर येतात. खोक्यावर २० मीटरचा पल्ला लिहिलेला कॅमेरा तेव्हा चार-पाच मीटरवरचं रानमांजरही सोडून देऊ शकतो.

त्यामुळे दुकानात चाचणी घेऊन काही कळत नाही. सीताबर्डीच्या एसी दुकानात चोवीस अंशांत कोणताही कॅमेरा हात हलवताच लुकलुकतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सात ते साडेआठच्या दरम्यान, मोकळ्या अंगणात, दिवसभर तापलेल्या भिंतीकडे तोंड करून कॅमेरा लावा. मेनूत 'टेस्ट' किंवा 'वॉक टेस्ट' असतं, ते चालू करा. मग समोरून उभं चालू नका, दोन हात-दोन गुडघ्यांवर रांगत आडवे जा, आधी दोन मीटरवरून, मग तीन, मग पाच. घरचं मांजर किंवा कुत्रं असेल तर त्याहून उत्तम. दिवा जिथे लुकलुकायचा थांबतो तो तुमच्या कॅमेऱ्याचा उन्हाळी पल्ला. वाटेपासूनचं अंतर त्याच्या आतच ठेवायचं.

सेन्सिटिव्हिटीची सोय 'हाय-मीडियम-लो' अशी हाताने बदलता येणारी हवी. फक्त 'ऑटो' असलेला कॅमेरा इथे घेऊ नये, कारण त्याचं ऑटो आपल्या ४५ अंशांचा विचार करून बसवलेलं असेल ह्याची खात्री नाही. मार्च अखेर ते जून 'हाय', दिवाळीनंतर थंडीत 'मीडियम'.

रिकाम्या फोटोंचं मूळही इथेच आहे. उत्तरेत फांदीवरून घसरणारा बर्फ कॅमेरा उठवतो. आपल्याकडे ते काम सागाचं पान करतं. फेब्रुवारीत फांदीवर एकच वाळकं पान लोंबत असतं, ताटाएवढं. दुपारी ते तापतं, वारा आला की हलतं, आणि सेन्सरला तापलेली वस्तू कप्प्या-कप्प्यांतून जाताना दिसते. त्या एका पानाने दोन दिवसांत हजारो फोटो काढून कार्ड भरून टाकणं सहज शक्य आहे. कॅमेऱ्यासमोरचे तीन-चार मीटर गवत जमिनीलगत कापा आणि डोळ्याच्या रेषेतलं प्रत्येक लोंबतं पान हाताने काढा. तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलात तर रोज सकाळ-संध्याकाळ सूर्याचे फोटो मिळतील.

फ्लॅश: खरा पैसा इथे मोजायचा

झेनॉन नळीचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास टिकतो. तेवढ्या वेळात चालतं जनावर हलत नाही, म्हणून प्रत्येक ठिपका कापून ठेवल्यासारखा येतो, आणि रंगीत. इन्फ्रारेड दिव्यांचा उजेड मंद, त्यामुळे कॅमेऱ्याला रात्री शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागतं. प्राणी थांबलेला असेल तर फोटो ठीक. चालत असेल तर कुशीवरचे ठिपके एकमेकांत मिसळून राखाडी ढग होतो. लिंक्स मोजणाऱ्यांनी पांढरा फ्लॅश धरून ठेवला तो ह्याच कारणाने. ८५० नॅनोमीटरचे दिवे ९४० पेक्षा लांब उजेड टाकतात, पण समोरून बघितलं की मंद लाल दिसतात. ९४० माणसाला दिसत नाही, त्याची किंमत अंधारात मोजावी लागते: पल्ला कमी, दाणे जास्त, धूसरपणा जास्त.

ह्याची घरगुती परीक्षा सोपी आहे. रात्री अंधारात कॅमेऱ्यापासून तीन मीटरवर एकाला कमरेला चौकडीचा गमछा गुंडाळून नेहमीच्या चालीने आडवं चालायला लावा. फोटोत गमछ्याच्या चौकडी मोजता आल्या तर वाघाटीचे ठिपके येतील. चौकडी पुसट झाल्या तर तो कॅमेरा 'आहे की नाही' एवढ्यापुरताच. खोक्यावर मेगापिक्सेल कितीही असोत, ही परीक्षा खोटं बोलत नाही. तसेही ते ४८ मेगापिक्सेल बहुतेक वेळा फुगवलेले असतात: आतला फोटो टिपणारा सेन्सर त्याच्या कितीतरी खाली, उरलेले पिक्सेल सॉफ्टवेअर स्वतः भरतं. मेनूत जाऊन फोटोचा आकार ८ किंवा १२ मेगापिक्सेलवर आणा, तपशील तोच राहील आणि कार्ड चारपट पुरेल.

झेनॉनच्या दोन खोडी मात्र मोठ्या आहेत. पहिली म्हणजे एकदा चमकला की नळीमागचा वीज साठवणारा कपॅसिटर पुन्हा भरेपर्यंत तो आंधळा. कॅमेरा आणि सेलच्या ताकदीप्रमाणे हा वेळ काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत जातो. युरेशियन लिंक्सची पिल्लं मे-जूनमध्ये जन्मतात आणि पुढच्या वसंतापर्यंत आईमागे चालतात. नॉर्वे-स्वीडनमध्ये तर मोजणीचा पायाच आई-पिल्लांची कुटुंबं हा आहे. आई फ्लॅशमध्ये आली, मागची दोन पिल्लं अंधारातून निघून गेली, की वहीत कुटुंबाऐवजी एकटी मादी नोंदली जाते. वाघिणीच्या आणि बिबट मादीच्या मागच्या बछड्यांचं तसंच होतं. पिल्लं मोजायची असतील तर जोडीतला एक कॅमेरा इन्फ्रारेडचा, लागोपाठ तीन फोटोंच्या 'बर्स्ट'वर, हीच तोड.

दुसरी खोड: झेनॉन जवळून भाजून काढतो. दीड-दोन मीटरवरच्या जनावराची कूस पांढरीफटक येते, ठिपके गायब. फ्लॅशच्या काचेवर ट्रेसिंग पेपरचे दोन थर किंवा दूधी टेपची एक पट्टी लावली की उजेड पसरतो आणि मऊ होतो. सेन्सरच्या भिंगीवर टेपचा कोपराही जाऊ देऊ नका, टेपमधून सेन्सरला नीट दिसत नाही.

किमतीचं बोलायचं तर नो ग्लो प्रकार स्वस्तात मिळतो, चांगला झेनॉन त्याच्या कितीतरी वर जातो. लिंक्सवाल्यांचा हिशोब इथे जसाच्या तसा लागू पडतो असं आमचं मत आहे: कोणता प्राणी हे सांगायचं असेल तर चार स्वस्त कॅमेऱ्यांपेक्षा झेनॉनची एक जोडी बरी. नुसती हजेरी घ्यायची असेल तर उलट.

दार, रबर, सेल

दार उघडा आणि कडेने फिरणारं रबर बोटाच्या पेरानं चाचपून बघा. ते खाचेत घट्ट बसलेलं, सलग आणि मऊ हवं. कोपऱ्यात सांधा असेल तर पहिल्या पावसात पाणी तिथूनच येणार. मग दार लावून बघा: खटका दोन बाजूंनी असेल तर रबर सारखं दाबलं जातं, एकाच बाजूला असेल तर बिजागरीकडची कड सैल राहते. दार बंद करताना गवताची एक काडी रबरावर राहिली तरी जुलैच्या आठ दिवसांत भिंगेच्या आत वाफ धरते. म्हणून कार्ड बदलायला जाताना खिशात कोरडं फडकं असू द्या आणि प्रत्येक वेळी रबर पुसून मगच दार लावा. आत सिलिका जेलची पुडी ठेवा, ती फुगून दाराला अडत नाही ना, हे बघून.

हिवाळी बर्फात नसलेला एक भाडेकरू आपल्याकडे आहे: मुंगी. मायक्रोफोनचं भोक, तळाचं बाहेरच्या बॅटरीचं छिद्र, ट्रायपॉडचा स्क्रू, जिथे वाट मिळेल तिथून आत शिरून सर्किटवर अंडी ठेवते. वापरात नसलेली सगळी छिद्रं रबरी बुचाने किंवा एम-सीलने बंद करा. पट्टा सुती नको, उधई आठवड्यात चढते, नायलॉनचा घ्या.

वानरं कॅमेरा वाकवतात, अस्वल हुंगतं आणि ओढतं, आणि चोर उचलून नेतो. कंपनीची प्लॅस्टिकची जाळी शोभेची. इतवारीतल्या एखाद्या वेल्डरकडून दीड-दोन मिलिमीटर पत्र्याची पेटी करून घ्या, मागे साखळी जायला दोन आडव्या खाचा ठेवा. भिंग, सेन्सर आणि फ्लॅश ह्यांच्यासमोरची खिडकी सेन्सरच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडे बोटभर मोठी ठेवायला सांगा. खिडकी तंतोतंत कापली की पत्र्याची कड सेन्सरचे बाजूचे कप्पे झाकते आणि मुळात अपुरा पल्ला आणखी आखडतो. फ्लॅशचा उजेड पत्र्याच्या कडेवरून परत भिंगेत येऊ नये म्हणून आतून काळा मॅट रंग मारा.

सेलच्या बाबतीत उत्तरेचा सल्ला अर्धाच घ्यायचा. तिकडे अल्कलाइन सेल थंडीत गळाठतात, म्हणून दीड व्होल्टचे लिथियम एए वापरतात, जे उणे ४० लाही चालतात. ते ६० अंशांपर्यंतही टिकतात, म्हणून उन्हाळ्यात महिना-दोन महिने हात न लावता कॅमेरा ठेवायचा असेल तर इथेही तेच उत्तम, पण महाग. दर पंधरा दिवसांनी फेरी होणार असेल तर चार्ज होणारे, साठवण टिकवून धरणारे निकेल मेटल हायड्राइड सेल पुरतात. त्यांचा दाब दीडऐवजी १.२ व्होल्ट असतो, काही कॅमेरे त्याला 'सेल संपले' समजतात. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय आहे का, हे घेण्याआधी बघा. स्वस्त अल्कलाइन उन्हात पाझरतात आणि स्प्रिंग खाऊन टाकतात. जुने-नवे सेल एकत्र घालू नका.

कार्ड ३२ जीबीचं, क्लास १०, पूर्ण आकाराचं. मायक्रो कार्ड अडॅप्टरमध्ये घालून चालवू नका, पेटीला धक्का बसला की स्पर्श सुटतो. कार्ड संगणकावर कोरं करण्याऐवजी त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

लावताना

लिंक्ससाठी कॅमेरा गुडघ्याच्या आसपास लावतात आणि बर्फ चढला की वर सरकवतात. आपल्याकडे बर्फाच्या जागी गवत आहे, जुलै ते ऑक्टोबर ते दर आठवड्याला वीत-वीत चढतं, आणि कॅमेरा वर सरकवून उपयोग नसतो कारण मांजर खालीच चालतं. वाघ-बिबट्यासाठी जमिनीपासून ४० ते ४५ सेंटिमीटर, रानमांजरासाठी ३०, वाघाटीसाठी २० ते २५. वाटेच्या मध्यापासून वाघासाठी साडेतीन-चार मीटर, लहान मांजरांसाठी दोन ते अडीच. समोर उतार असेल तर कॅमेऱ्यामागे काडी घालून त्याला तेवढंच झुकवा, नाहीतर सेन्सरची पट्टी मांजराच्या पाठीवरून जाते.

जोडी लावताना दोन कॅमेरे अगदी समोरासमोर नकोत. एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगेत जातो आणि फोटो धुक्यासारखा पांढरा होतो. दोघांना वाटेच्या रेषेत पावलभर मागे-पुढे सरकवा. दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत मिळवा, नाहीतर डावी-उजवी कूस जुळवताना रात्र जाईल. सेल बदलल्यावर काही कॅमेरे १ जानेवारीवर परत जातात. म्हणून प्रत्येक वेळी पाटीवर ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून पहिला फोटो त्या पाटीचाच काढा. घड्याळ बिघडलं तरी फरक मोजून सगळ्या नोंदी सावरता येतात.

जागा निवडताना लिंक्सचीच सवय डोळ्यांपुढे ठेवा. तो लाकूडतोडीचे रस्ते, कड्याचा पायथा, दबलेल्या बर्फाच्या वाटा धरून चालतो, कारण कमी कष्टात लांब जाता येतं. इकडे ते काम कोरडा नाला, पांधण आणि शेताचा धुरा करतात. काटोल-नरखेडच्या संत्राबागांच्या कडेला उंदीर भरपूर, त्यामुळे धुऱ्यावर रानमांजर हमखास. वाटेवर नाल्याचं वळण असेल तर वळणानंतर लावा. जनावर तिथे चाल मंद करतं आणि फोटो स्वच्छ येतो.

आमिष लावू नका. कॅनडा लिंक्ससाठीची बीव्हर-कॅटनिपची युक्ती वाचून इथे सुगंध शिंपडायचा मोह होतो, आणि २०१८ मध्ये माणसं मारल्याचा ठपका असलेल्या पांढरकवड्याच्या वाघिणीच्या शोधात अत्तर वापरल्याच्या बातम्या नागपुरात सगळ्यांच्या लक्षात आहेत. पण वासाने थांबलेलं जनावर मोजणीत नेहमीपेक्षा जास्त वेळा येतं आणि आकडा बिघडतो. शिवाय गावालगत मोठ्या मांजराला एका जागी बोलावणं थेट धोक्याचं आहे. मारलेल्या ढोराजवळ कॅमेरा लावणं तर वनविभागाचंच काम.

जंगलाच्या जमिनीवर, मग ती गोरेवाड्याची असो, उमरेड-पवनी-कऱ्हांडल्याची किंवा पेंचची, वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही कॅमेरा लावता येत नाही. शेतात मालकाची परवानगी घ्या आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा. मोह आणि तेंदूच्या हंगामात वाटांवर पहाटे चार वाजल्यापासून बाया-माणसं असतात. त्यांचे फोटो येणारच. ते त्याच दिवशी पुसायचे, कुणाला दाखवायचे नाहीत, आणि गावात आधी जाऊन कॅमेरा कुठे आहे ते सांगायचं. ह्या एका गोष्टीत हयगय झाली की कॅमेरे फुटतात, आणि ते बरोबरच आहे. प्राण्याच्या फोटोतलं ठिकाणही सोशल मीडियावर जाऊ देऊ नका. युरोपात परत आणून सोडलेल्या लिंक्सवरही बंदुका चालल्या आहेत.

मग कोणता घ्यावा

संत्राबागेच्या धुऱ्यावर काय फिरतं ते बघायचं असेल, शाळा-कॉलेजचा प्रकल्प असेल, तर ९४० चा नो ग्लो, हाताने बदलता येणाऱ्या सेन्सिटिव्हिटीचा, दोन खटक्यांच्या दाराचा. पांढऱ्या फ्लॅशने शेतावरचा राखणदार दचकतो आणि चोराला कॅमेऱ्याचा पत्ता मिळतो, हेही त्याच्या बाजूने. ह्या प्रकाराला पाचपैकी साडेतीन. दीड गुण रात्रीच्या धूसरपणाचा आणि उन्हाळी पल्ल्याचा.

बिबटे वेगवेगळे ओळखायचे असतील, वाघाटीवर काम करायचं असेल, वनविभागाच्या मोजणीला जोडून काम मिळालं असेल, तर झेनॉनची जोडी. २०१८ च्या देशव्यापी वाघमोजणीत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे होते आणि साडेतीन कोटींच्या जवळपास फोटो आले, त्यांतून २,४६१ वाघ वेगवेगळे ओळखले गेले. एवढ्या ढिगाऱ्यातून एकेक जनावर वेगळं काढायचं तर कूस स्वच्छ दिसायलाच हवी. पाचपैकी चार. एक गुण फ्लॅश भरेपर्यंत निसटणाऱ्या पिल्लांचा.

रानमांजरं मोजायचीत म्हणून झेनॉन घेणाऱ्यांना मात्र आमचा नकार आहे. कोऱ्या अंगावर फ्लॅश कितीही स्वच्छ पडला तरी कोरंच दिसणार. तो पैसा जास्त जागी जास्त नो ग्लो कॅमेरे लावण्यात घाला आणि 'किती' ऐवजी 'कुठे-कुठे' हा प्रश्न धरा. साठ जागांपैकी किती जागी दिसलं, ह्याचं उत्तर पक्कं मिळतं आणि पुढच्या वर्षी ताडूनही बघता येतं.

एक शेवटचं, जूनच्या पहिल्या आठवड्यात करायचं. पावसाळ्यापुरते कॅमेरे उतरवणार असाल तर उतरवले की आधी सेल काढा, मग मऊ ब्रशने सेन्सरची भिंग आणि मुंग्यांची भोकं साफ करा. सेलच्या स्प्रिंगवर हिरवट पूड दिसली तर कापसाला व्हिनेगर लावून पुसा आणि दिवसभर वाळू द्या. रबराला सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट फिरवा. खोबरेल नको, त्याने रबर फुगतं. दार पूर्ण बंद न करता, खटका न लावता, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. दार दाबून ठेवलं की चार महिन्यांत रबर चपटं होतं आणि ऑक्टोबरमध्ये परत लावल्यावर पहिल्याच दवात भिंग आतून ओली होते.